चष्म्याची खूण

आमच्या वाद्यवृंदाला कंडक्टर नाही असं मी सांगितलं, तेव्हा लिफ्टमधली शेजारीण म्हणाली, "मग तिकिटं कोण फाडतं?" मी मनापासून हसले. नंतर कळलं, ती गंमत करत नव्हती.

आम्ही अकरा जण आहोत. व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि एक भलामोठा डबल बास. समोर काठी घेऊन हात हलवणारं कुणी नाही. एकानं श्वास घेतला की बाकीच्यांनी सुरू करायचं, एकमेकांकडे कान ठेवायचा, डोळा ठेवायचा. वाजवतोही असं, जे सहसा कुणी वाजवत नाही. नुकतं लिहिलेलं, नाहीतर लिहून कुणाच्या तरी कपाटात पडलेलं. ऐकायला पन्नास माणसं आली तरी आम्हाला हॉल भरल्यासारखा वाटतो.

मी व्हायोला वाजवते. व्हायोलिनची ही थोरली बहीण. लग्नघरात नवरीच्या थोरल्या बहिणीकडे जितकं लक्ष जातं, तितकंच हिच्याकडे जातं.

नायगावच्या चाळीत वडिलांची गायन पार्टी होती, तिच्यात मी व्हायोलिन धरायला शिकले. सूर घसरला की गॅलरीतून कुणीतरी ओरडायचंच, "ए, काय रडवतेयस त्याला!" तेव्हा संताप यायचा. आता चाळीच्या जागी टॉवर झाला आहे आणि मी अठराव्या मजल्यावर राहते. आई गेली, नोकरी संपली. दार लावलं की माझा सूर माझ्यापाशी. सोमवार ते शनिवार माझ्याशी बोलतो तो फक्त भाजीवाला, तोही भाजीच्या भावाबद्दल. रविवारी दुपारी दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमची तालीम असते. आठवडाभर मी तिची वाट पाहते, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

लपवलं होतं ते वेगळंच. दोन वर्षांपासून माझा डावा कान जवळजवळ गेला आहे. सांगितलं तर खुर्ची जाईल, आणि खुर्ची गेली तर रविवारही बाकीच्या दिवसांसारखाच होईल, या भीतीनं मी गप्प बसले होते.

यंदा आम्ही एका तरुण मुलीनं खास आमच्यासाठी लिहिलेली रचना घेतली. तिच्या मध्यावर सगळे थांबतात. फक्त चेलोचा एक सूर उरतो, तो बारीक होत जातो, आणि तो संपतो तिथे व्हायोलानं एकटीनं सुरू करायचं. चेलोवाला बसायचा माझ्या डाव्या हाताला, जरा मागे. मी आपली अंदाजानं सुरू करायचे.

त्या जागी दहाच्या दहा डोकी वर व्हायची आणि माझ्याकडे वळायची. चेलोवाला तर हसायचासुद्धा. एका वेळी इतकी माणसं माझ्याकडे शेवटची कधी पाहत होती, मला आठवत नव्हतं. मी अगदी हरखून जायचे. रविवारी चांगली साडी नेसायला लागले.

मग एका तालमीच्या मधल्या सुट्टीत सगळे चहाला बाहेर गेले असताना पंख्याच्या वाऱ्यानं स्टँडवरची नोटेशनची पानं उडाली. मी ती गोळा केली. चेलोच्या पानावर, नेमका त्या जागी, पेन्सिलीनं चष्मा काढलेला होता. वाजवणाऱ्यांची ही जुनी खूण आहे. इथे घोटाळा होऊ शकतो, मान वर करून बघ, असा तिचा अर्थ. खाली लिहिलं होतं, 'ताई येईपर्यंत सूर धरून ठेवणे.' मी दुसरं पान पाहिलं, तिसरं पाहिलं. दहाही पानांवर चष्मा होता.

कंडक्टर असता तर पहिल्याच दिवशी त्यानं मला फटकन सांगितलं असतं. आमच्यात ते सांगणं कुणाचंच काम नव्हतं, म्हणून सगळ्यांनी मिळून सांभाळून घेतलं. मला भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. कौतुक समजून मी ते नजरांचं ओझं मिरवत होते.

सगळे परत आल्यावर मी म्हणाले, "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही."

"माहितीये ताई," चेलोवाला म्हणाला. "मागच्या वर्षापासून."

"मग बोलला का नाहीस रे?"

"कसं बोलणार? आणि चाललंय ना आपलं. आम्ही थांबतो ना, टेन्शन नका घेऊ."

"थांबू नका. ते चष्मे खोडून टाका. माझी खुर्ची अशी फिरवा की तुझा गज मला दिसेल. नाहीच जमलं तर मी आपणहून उठेन."

राहू द्या ताई, असं एकानं तरी म्हणावं अशी माझी फार इच्छा होती. कुणी म्हटलं नाही. सगळ्यांना हायसं वाटलेलं मला स्पष्ट दिसत होतं. खोडरबर या हातातून त्या हातात फिरलं.

कार्यक्रम गिरगावातल्या एका छोट्या हॉलमध्ये झाला. ती जागा आली. मी चेलोच्या गजावर नजर रोवून बसले. तो हळूहळू टोकाला आला आणि तारेवरून उचलला गेला. मी सुरू केलं, अगदी वेळेवर. नऊ माना आपापल्या पानात होत्या, चेलोवाला पान उलटत होता. इतकं एकटं मला अठराव्या मजल्यावरही कधी वाटलं नव्हतं.