ट्यूटोरियलसाठी लागलेलं उदाहरण

निबंधाला एक उदाहरण हवं म्हणून मी माझ्या मित्राला मार खायला नेलं, आणि ऐनवेळी मीही त्याला मारलं. आजवर ही गोष्ट स्वतःशी काढताना मी ‘तेव्हा समज नव्हती’ असं म्हणत आलो. ते खोटं आहे. समज होती.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. रोज कुठल्या तरी कचेरीची नवी पाटी लागायची, नळाला पाणी मात्र कधीतरीच. आम्ही दोघं तिथल्या कॉलेजात होतो, वसतिगृहाच्या एकाच खोलीत. मी नायगावजवळच्या गावचा, घरची जमीन असलेला. तो हदगावकडचा, बौद्ध घरातला; आईवडील दुसऱ्यांच्या कापसात रोजाने जायचे. तो मला चिडवायला ‘मालक’ म्हणायचा. मालक, उठा, बादली रांगेत लावा.

समाजशास्त्राच्या सरांनी ट्यूटोरियलचा निबंध दिला: दुष्काळात गावातलं पाणी कोणाला, कसं मिळतं ते कारणांसह लिहा. तयारी कशी करायची तेही सांगितलं. आधी प्रश्न काय विचारतोय ते आपल्या शब्दांत मांडा, मग गावात दोन्ही बाजूंच्या माणसांशी बोला, ऐकीव लिहू नका. माझ्या डोक्यात शेवटचं तेवढं राहिलं. माणसांशी बोलत बसण्यापेक्षा एखादा प्रसंग डोळ्यांसमोर घडला तर माझा निबंध सगळ्यांत उठून दिसेल, असं वाटलं.

आमच्या गावात विहिरी आटल्या होत्या. पाणी राहिलं होतं ते आमच्या गल्लीतल्या हापशाला. बौद्ध वस्तीतल्या बाया तिथं लांब उभ्या राहायच्या. कुणाला दया आली तर तो त्यांच्या घागरीत वरून ओतायचा. हे मी लहानपणापासून पाहत होतो. तरी मी मित्राला म्हणालो की आमच्याकडं आता तसं राहिलं नाही, तू स्वतः हापसून बघ, म्हणजे दोघांनाही लिहायला मिळेल.

“मारतील ना रे,” तो म्हणाला.

“माझ्या गावात? मी असताना?”

तो आला. एसटीतून उतरून आम्ही थेट हापशावर गेलो. मी बाजूच्या लिंबाखाली थांबलो, म्हणजे नीट दिसेल. त्यानं दांडा धरला, ओंजळीत पाणी घेतलं. रांगेतल्या कुणीतरी त्याला गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. त्यानं सांगितलं.

पहिली घागर त्याच्या खांद्यावर बसली. मग लाथा. तो पडला तो सिमेंटच्या कडेवर, आणि भुवई फुटली. माझे काका धावत आले आणि कासऱ्यानं त्याला पाठीवर मारू लागले. पाण्यासाठी आलेल्या बाया घागरी घेऊन मागं सरकल्या. तो ओरडला नाही. तो मला शोधत होता.

काकांनी मला पाहिलं. “तुझ्यासंगं उतरला म्हणं हा?”

“मी ओळखत न्हाई,” मी म्हणालो.

“मग बघून काय राहिलास?”

मी गेलो आणि त्याच्या कानशिलात मारली. मग परत, त्याच कानावर. हात थांबवता आला असता. काका तोवर बाजूला झाले होते. तरी मी मारत राहिलो, कारण तो माझ्याकडं बघत होता आणि मला ते बघणं बंद करायचं होतं. शेवटी तो उठून सडकेकडं पळाला. मी घरी जाऊन जेवलो.

निबंधाला मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. सरांनी तो वाचून दाखवला. मी लिहिलं होतं, ‘पाणी घेणाऱ्या एका तरुणास लोकांनी बेदम मारले.’ मित्र मागच्या बाकावर होता, कानात कापसाचा बोळा. त्यानं ट्यूटोरियल दिलंच नव्हतं. सरांनी त्याला उभं करून कारण विचारलं, आळशी म्हणाले.  खरं कारण मीही सांगितलं नाही.

नंतर जिन्यात मी त्याला गाठून माफ कर म्हणालो.

“लोकांनी मारलं म्हणून लिहिलंस,” तो म्हणाला. “त्या लोकांत तू कुठं हायस? इथं कुणी न्हाई म्हणून माफी मागून राहिलास. तुझ्या काकापुढं म्हण, मी ह्याला ओळखतो म्हणून.”

त्यानं खोली बदलली. त्या कानानं त्याला पुन्हा ऐकू आलं नाही. पुढं त्याला नांदेडला सरकारी नोकरी लागली. मीही तिथंच प्राध्यापक झालो आणि मुलांना निबंधाची तयारी शिकवू लागलो. तो रस्त्यात दिसला की मी दुकानात शिरायचो. काका घरातले मोठे, शेत त्यांच्या नावावर. त्यांच्यापुढं बोलायची हिंमत मला निम्मं आयुष्य झाली नाही.

गेल्या उन्हाळ्यात काका अंथरुणाला खिळले. ते गेले तर मी कायमचा सुटेन, असा विचार मनात आला आणि मला स्वतःचीच किळस आली. मी त्याच्या घरी गेलो. काकांपुढं सांगायचंय, चल, म्हणालो. तो चपला घालून माझ्यासोबत निघाला.

काकांच्या बाजेभोवती चुलतभाऊ, त्यांच्या बायका, शेजारी बसले होते. मी त्याला बाजेजवळच्या खुर्चीवर बसवलं आणि मी उभा राहिलो.

“काका, हापशावर मारलं होतं तो हा. ह्याला मी आणलं होतं. मी ह्याला ओळखत होतो, हा माझ्या खोलीत राहायचा. ह्याचा कान मी फोडला.”

काकांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मी मित्राच्या ऐकू येणाऱ्या बाजूला गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “मी तुला मारलं. मला माफ कर.”