अप्पा बीदरच्या बाजूला बसले होते

खटकचिंचोळीच्या स्टँडवरून गाडी सुटली आणि माझ्या ध्यानात आलं, बुटांची पिशवी अप्पांच्या हातातच राहिली. घ्या! फुटबॉल खेळायला कलबुर्गीला निघालेली पोरगी, आणि बूट गावात. मी खिडकीतून जिवाच्या आकांतानं हात हलवला. अप्पांना वाटलं, लेकीला भरून आलंय. त्यांनीही हात हलवला, पिशवीसकट.

दुसरा कुणी बाप असता तर बोंब मारून गाडी थांबवली असती. आमचे अप्पा किराणा दुकानदार. "आवाज चढला की गिऱ्हाईक उतरतं," हे त्यांचं कायमचं बोलणं. घरात म्हणा, दारात म्हणा, त्यांचा आवाज चढलेला मी जन्मात ऐकला नव्हता. त्यांनी गुपचूप शेजाऱ्याला मोटारसायकल काढायला लावली आणि पुढच्या फाट्यावर गाडीला आडवे आले. पिशवी खिडकीतून आत दिली आणि हळूच म्हणाले, "एक हंगाम दिलो तुला. फायनलला गेलीस तर बघायला येतो. बघून ठरवतो. न्हाई पटलं तर परत यायचं आणि हुलसूरच्या पाव्हण्यांना व्हय म्हणायचं." गाडी हलली तेव्हा आणखी एक वाक्य आलं, "मी बी तुझ्याएवढा असताना जहिराबादला गेलतो. परत आलो, ते आलोच."

अप्पा तरुणपणी जहिराबादला एका दुकानात कामाला होते, तेलुगू गिऱ्हाइकांत वावरत होते. आजोबांनी बोलावलं म्हणून आले आणि गल्ल्यावर बसले, एवढंच आम्हाला ठाऊक. जास्त विचारलं की ते साखर मोजायला लागायचे.

हे लिहायलेय ते तुमच्यासाठी. गावात राहिलात त्यांच्यासाठी, आणि बीदरजवळच्या कोळारच्या कारखान्यांत, हैदराबादेत, पुण्यात पांगलात त्यांच्यासाठी. फायनलला टेम्पो भरून जे आले त्यांनी डोळ्यांनी बघितलं. पण आपल्याकडं गोष्टीला पाय फुटतात, आता म्हणे अप्पांनी मैदानात उडी मारली. न्हाई मारली. काय झालं ते माझ्याकडूनच ऐका.

मी आणि सुजाता एका वयाच्या. सोयाबीनची रास झाली की रिकाम्या रानात आमचा खेळ. दोन पोती ठेवली की गोल तयार, त्यात सुजाता उभी, आणि ती उभी राहिली की बॉल आत जाणार कसा! आमच्या बीदर जिल्ह्याच्या संघात तिची निवड झाली. मला "बारकी आहेस" म्हणून घरी पाठवलं. मी पण हट्टाला पेटले, कलबुर्गीला जाऊन चाचणी दिली. तिथं कुणी उंची बघितली नाही, पळणं बघितलं आणि घेतलं.

कलबुर्गीचं पहिलं ऊन असं काही लागलं की बीदरचं ऊन म्हणजे सावलीच वाटावी. हॉस्टेलात ताटात तीच ज्वारी, पण तिथं ती भाकरी नव्हे, रोटी. पहाटे वॉर्म-अप, मग प्रॅक्टिस, सगळं कन्नडात. आणि नाव? लीला गेलं कुठल्या कुठं. "ए बीदर, कोडू! कोडू!" म्हणजे दे, दे. गाव सोडल्यावर गावाचंच नाव गळ्यात पडलं. अव्वाचा, म्हणजे आईचा, फोन यायचा, "पाय जपून गं माय, हुलसूरची मंडळी विचारायलीत." जसं काही त्यांना सून म्हणून माझे पायच करून घ्यायचे होते!

हंगाम मात्र असा गेला म्हणता! कल्याण कर्नाटकातल्या जिल्ह्यांच्या बायकांची ही स्पर्धा, आणि आम्ही सगळ्यांत लहान वयाच्या. यादगीरला हरवलं, रायचूरशी बरोबरी, सेमीफायनलमध्ये बल्लारीला रडवलं. हॉस्टेलात त्या दिवशी आम्ही ताटं वाजवून नाचलो. आणि मग कळलं, फायनल बीदरला, बीदरशीच.

गाव आलं ते अर्थातच सुजातासाठी. टेम्पोवर बीदरचं फडकं, हलगी, शिट्ट्या. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, पांढरा सदरा घालून, मांडीवर हात ठेवून अप्पा. मला बघून मान हलवली. बस, तेवढंच.

खेळ सुरू झाला आणि मला मज्जाच वाटायला लागली. बीदरच्या पोरी एकमेकींना मराठीत हाका मारत होत्या. "मागं दे!" "पल्याड टाक!" समोरच्यांचा पास मधेच तोडायचा हेच माझं काम, आणि बॉलच्या आधी मी तिथं हजर! त्यांच्या गावीही नव्हतं. आमच्या पोरी चकित, त्यांना मराठी कुठं येतं! बघता बघता आम्ही एक गोल चढवला.

सुजाताच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं, ही लीला समदं ऐकायलीय! कन्नडात बोला!" हे पण बया मराठीतच ओरडली. कन्नडात बोलल्या तर आमच्या अख्ख्या टीमलाच कळायला लागलं. मग आली दखनी, "इधर कू दे!" आता दखनी तर कलबुर्गीत भाजीवाल्यापासून ऑटोवाल्यापर्यंत सगळ्यांची. आमची गोलकीपर त्याच भाषेत त्यांची टिंगल करायला लागली. मला वाटलं, झालं, जितलो.

पण त्यांच्या दोन फॉरवर्ड औरादच्या होत्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. दुसऱ्या हाफात पास पुढचीकडं येत होता, मी तिच्यावर झेप घेतली, आणि मागची ओरडली, "वदिलेय!" पुढचीनं बॉलला पायच लावला नाही. सरळ आपल्या पायांमधून जाऊ दिला, मागचीनं घेतला, आणि गोल! वदिलेय म्हणजे सोडून दे. मला कुठलं कळतंय! तीन भाषा येतात म्हणून तोरा मिरवत होते, चौथीनं नाक कापलं.

एक-एक. गाव हलगीवर नाचायला लागलं. अप्पा बसूनच. मला समोर हुलसूर दिसायला लागलं. हुलसूरचं घर चांगलं होतं, माणसं चांगली होती, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मला खेळायचं होतं हो. अजून लई खेळायचं होतं.

शेवटची काही मिनिटं राहिली, आणि पुन्हा तेच. पास पुढचीकडं, मी तिच्या अंगावर, मागून काहीतरी तेलुगू हाक. या वेळी दुसरेच शब्द, मी ते पण ओळखले नाहीत. तेवढ्यात बीदरच्या गर्दीतून एक आवाज फुटला, "लीले! सोडायलीय ती! बॉल सोडायलीय! मागचीला धर!"

कुणाचा आवाज ते मला कळलंच नाही. कळणार कसं, कधी ऐकलेलाच नव्हता! पाय मात्र वळले. पुढचीला सोडून मी मागचीकडं धावले, आणि पायांमधून निघालेला बॉल थेट माझ्या पायात. दिला ठेवून लांब. आमची फॉरवर्ड सुसाट सुटली, सुजाता पुढं आली, आणि बॉल तिच्या बगलेतून आत. दोन-एक! शिट्टी झाली तेव्हा मी कुणाच्या अंगावर पडले होते देव जाणे.

मान वर करून बघितलं तर सगळं गाव खाली बसलेलं आणि एकटे अप्पा उभे. गाव खेळाकडं नाही, आ वासून अप्पांकडं बघत होतं.

सुजातानं मला मिठी मारली आणि जोरात चिमटा काढला. रडत रडत म्हणाली, "तू न्हाई हरवलीस आम्हाला. तुझ्या अप्पानं हरवलं." खरं होतं. तिकडं गाववाले अप्पांना घेरून विचारत होते, "आमच्यात बसून हे काय करायलाव अप्पा? कुणाकडून हाव तुम्ही?"

अप्पांचा घसा पार बसला होता. म्हणाले, "मी जहिराबादकडून."

सगळे खो खो हसले. मला मात्र भडभडून आलं. परत आलो ते आलोच, म्हणणाऱ्या माणसानं ती भाषा इतकी वर्षं कुठं जपून ठेवली होती? माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बघितलो. रहा तिथंच. हुलसूरला मी सांगतो."

आता कलबुर्गीत मी 'बीदर' आणि गावात, कलबुर्गीच्या जुन्या नावानं, 'गुलबर्ग्याची'. आधी दोन्ही टोचायचं. आता घर कुठलं असं कुणी विचारलं की मला ती गर्दी आठवते, आणि तिच्यातून आलेली ती एक हाक. ती हाक जिथून आली ते माझं घर, मग ते कुणाच्या का बाजूला बसलेलं असेना.

दुसऱ्या दिवशी बीदरच्या स्टँडवर अप्पा मला गाडीत बसवायला आले. गाडी हलली. मी खिडकीतून हात हलवला, त्यांनीही हलवला, आणि काय सांगू, पुन्हा पिशवीसकट! पण या वेळी मोटारसायकल लागली नाही. त्या बसलेल्या घशानं अप्पा असे ओरडले की ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि अख्खा स्टँड वळून बघायला लागला.

"लीले! बूट!"