चाळीस ग्रॅमची तूट

स्लोकन खोऱ्यात लुशा पेरेपोल्किनने सत्तावीस वर्षं चोरून गांजा पिकवला. डोंगरावर पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालू लागलं, की ती बटाट्याच्या वाफ्यात तण उपटत बसायची. या काळात तिचा एकच भिडू होता, गार्नेट ड्यूहर्स्ट. तो दोनदा पकडला गेला, पण तिचं नाव त्याच्या तोंडून निघालं नाही.

मग गांजा कायदेशीर झाला आणि लुशाने परवाना काढला. सरकारला न मानणाऱ्या पंथातल्या तिच्या आजोबांनी सरकारी नोंदणीला जन्मभर नकार दिला होता. नातीने बोटांचे ठसेसुद्धा दिले. आता प्रत्येक दारावर कॅमेरे आले, ग्रॅमाग्रॅमची नोंद आली. चोरून पिकवताना ती शांत झोपायची. परवाना भिंतीवर लागला आणि तिची झोप उडाली.

वाळवणीच्या खोलीत गार्नेट माल तोलून पिशव्या भरायचा. कोठारात लुशा तोच माल पुन्हा तोलायची. मार्चपासून प्रत्येक पिशवी चाळीस ग्रॅम कमी भरू लागली. दोन खोल्यांच्या मधे पिशवीला हात लागायचा तो फक्त गार्नेटचा.

गार्नेटला न विचारता ती रोज कॅमेऱ्याचं चित्रण बघत बसू लागली. एके दिवशी चित्रात गार्नेटने मान वर करून हात हलवला. लुशाने तेवढं चित्रण पुन्हा लावून पाहिलं. हा कुणाला खूण करतोय?

दुसऱ्या दिवशी पिशवी ठेवून तो निघाला, तशी ती दारात आडवी आली.

"कोट काढ."

"या थंडीत?"

"थट्टा नको. खिसे दाखव."

गार्नेटने खिसे उलटे केले. एक रुमाल, दोन खिळे, चष्मा.

"सरकार बरं होतं गं," तो म्हणाला. "झडती घेताना निदान कागद तरी दाखवायचं. आणि कॅमेऱ्यात रोज मला बघतेस ते ठाऊक आहे मला. काल हात केला, तोही तुलाच."

तो गेला आणि परत आला नाही.

एप्रिलमध्ये गांजाचे परवाने देणाऱ्या आरोग्य खात्याची निरीक्षक न सांगता येऊन धडकली. ओक्स नावाची तरुण, मितभाषी बाई. गार्नेटनेच चहाडी केली, असं लुशाने गृहीतच धरलं. ओक्सबाईंनी नोंदी चाळल्या.

"दर पिशवीला बरोबर चाळीसच? चोर इतका नेमाचा नसतो, बाई."

त्या वाळवणीच्या खोलीत गेल्या. काट्याचं रिकामं ताट चाळीस ग्रॅम दाखवत होतं. मार्चमध्ये लुशाने स्वतःच वर नवा पंखा बसवला होता; त्याचा वारा ताटावर दाबून पडत होता. ओक्सबाईंनी बटण बंद केलं आणि आकडा शून्यावर आला.

"माझ्याविरुद्ध तक्रार कुणी केली?" लुशाने विचारलं.

"कुणी नाही. वर्षातून एकदा यावंच लागतं आम्हाला."

संध्याकाळी लुशा बोर्शचं, म्हणजे बीटाच्या सूपचं, पातेलं घेऊन गार्नेटच्या दारी गेली. त्याने पातेलं घेतलं, सगळं ऐकून घेतलं. "पंखा होय!" एवढंच म्हणाला.

सोमवारी तो कामावर आला. पूर्वीसारखाच वेळेवर, पूर्वीसारखाच टोमणे मारत. मात्र निघताना दारापाशी थांबून तो आपणहून दोन्ही खिसे उलटे करू लागला. लुशा रोज मान खाली घालायची. नको करूस म्हणावं, असं दरवेळी तिच्या ओठांवर यायचं. पण ती नोंदवहीत त्या दिवशीचे ग्रॅम लिहू लागायची.