टक्करसाहेब

साहेबांचं कपाळ पाहिलं की नवा माणूस दचकायचा. भुवयांच्या वर पांढरट व्रणांची जाळी होती, आणि मध्ये अंगठा मावेल एवढा खळगा. विलायतेत ते पगारी फुटबॉलपटू होते आणि बहुतेक गोल त्यांनी डोक्यानं मारले होते. पिंपरीच्या आमच्या कारखान्यात ते नव्या कामगारांना लेथ शिकवायचे; पण शिफ्ट सुटली की चेंडू घेऊन मागच्या माळावर उभे असायचे. ‘टक्करसाहेब’ हे नाव आम्ही ठेवलं, आणि त्यांनाही ते आवडायचं.

चहा पिताना ते जुन्या गोष्टी सांगत. वडील कोळशाच्या खाणीत होते. साहेबही खाणीतच उतरायचे, पण गावच्या सामन्यात कुणीतरी त्यांना हेरलं आणि क्लबात नेलं. “खान से छूटा, बस! सूरज देखने को मिला,” असं म्हणून ते हसत. पुढं दहाएक वर्षं त्यांनी हिवाळेच्या हिवाळे चिखलात खेळून काढले. तिकडचा चेंडू कातडी, चामड्याच्या वादीनं शिवलेला. पाणी प्यायला की दगडासारखा जड व्हायचा, आणि वादी लागली की कपाळ फुटायचं. टाके घालून ते पुन्हा मैदानात उतरत. एका मोठ्या सामन्यात त्यांनी दोन गोल केले आणि डोक्याला बसलेल्या मारामुळं ते त्यांना दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळले. हे ऐकून आम्ही पोट धरून हसायचो. पुढं गुडघा गेला, क्लबानं काढून टाकलं. मग लढाई आली, ते पलटणीबरोबर हिंदुस्थानात आले, खडकीतल्या एका नर्सशी लग्न करून इथंच राहिले.

आमच्यात रहाटणीचा दगडू होता. शेतकऱ्याचा पोर, अंगानं उंच, उडी हरणासारखी. “सायेब, मला बी डोक्यानं मारायला शिकवा की,” असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला. साहेबांनी त्याला जीव लावून शिकवलं. “आँख खुला रखो. डरो मत. चेंडू तुमको नहीं मारेगा, तुम उसको मारो.” वर्षभरात आसपासच्या संघांना दगडूची धास्ती वाटू लागली.

त्याच वर्षी साहेबांचं काहीतरी बिघडू लागलं. एकदा त्यांनी चहाचा कप मशीनच्या तेलात बुडवला आणि प्यायला उचलला. एकदा घरी जायला सायकलवर निघाले ते थेट पुनावळ्याला पोचले; तिथल्या एका शेतकऱ्यानं त्यांना बैलगाडीत घालून परत आणलं. आणि दगडूला ते ‘टॉमी’ म्हणू लागले.

मी त्यांच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “टॉमी म्हणजे यांचा कप्तान. मागं विलायतेला गेलो तेव्हा भेटायला गेलो होतो. खुर्चीत बसून नुसता कोटाची बटणं लावत होता, काढत होता. बायकोला ओळखत नव्हता. डोक्यानं मारणाऱ्या आणखी एका खेळाडूचंही तेच झालंय म्हणे. तेव्हापासून यांना झोप नाही.”

पावसाळ्यात खडकीला पलटणीच्या संघाशी आमचा मोसमातला शेवटचा सामना होता. बरोबरी चालली होती. चेंडू भिजून काळा पडला होता. कोपऱ्यातून तो उंच आला आणि दगडू झेपावणार तोच साहेब धावत मैदानात घुसले. “छोड दो! सिर मत लगाओ! टॉमी, छोड!” दगडू बिचकला, चेंडू निसटला. पुढच्याच चढाईत पलटणीनं गोल केला.

सामना संपल्यावर दगडू रडत त्यांच्या अंगावर गेला. “भर मैदानात माजी अब्रू घालवली तुमी! तुमीच शिकवलं न्हवं?”

साहेब त्याच्याकडे पाहत राहिले. त्या क्षणी त्यांची नजर अगदी स्वच्छ होती. “हाँ, दगडू. मैंने सिखाया. मेरा सिर गया. तेरा रख.”

त्यानंतर त्यांच्या तोंडी दगडूचं नाव कधी आलं नाही. हिवाळ्यात बाईंनी त्यांना विलायतेला न्यायचं ठरवलं. पिंपरी स्टेशनवर आम्ही सगळे गेलो होतो, दगडू आला नाही. साहेबांनी प्रत्येकाशी हात मिळवला आणि अदबीनं विचारलं, “आप कौनसी टीम?”

दगडूला पुढं मुंबईच्या एका मोठ्या संघानं नोकरी दिली. मी त्याचा सामना पाहायला गेलो होतो. त्यानं डोक्यानं असा गोल मारला की सगळं मैदान उठून उभं राहिलं. माझ्याच्यानं उठवेना.

सामन्यानंतर तो हसत आला. कपाळावर ताजी खोक होती. “काय राव, तोंड का पाडलंय?”

“जप रे. साहेबांचं पाहिलंस ना?”

“आरं, सायेब म्हातारं झालं व्हतं.”

“म्हातारे नव्हते, दगडू. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती त्यांनी.”

त्याचं हसू मावळलं. काही बोलायला त्यानं तोंड उघडलं, एवढ्यात मागून त्याच्या नावाचा गजर झाला. खोकेवरचं रक्त बाहीनं पुसून तो तिकडं धावला.