आमचं घर कायद्यात बसलं नाही

माझा बाप कोष्टी. नागपुरात इतवारीच्या मागच्या गल्लीत आमचं मातीचं घर होतं, पुढच्या खोलीत बापाचा माग. दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं विणणं सोडावं, स्वतःचं सूत घेऊन स्वतःची लुगडी विकावीत म्हणून त्यानं ते घर एका सावकाराकडे गहाण ठेवलं. पुढे बाजारात गिरणीचं कापड इतकं स्वस्त झालं की त्याच्या लुगड्यांतून सुताचा खर्चही निघेना. व्याज चढत गेलं.

तशात कळलं की इंग्रज सरकारनं कर्जदारांसाठी बोर्ड बसवलंय. सावकाराला तिथे बोलावतात, व्याज सोडायला लावतात, उरलेल्याचे हप्ते बांधून देतात. त्या आठवड्यात आमच्या घरात कोणी कोणावर खेकसलं नाही. आईनं भाकरी बांधल्या, बाप धुतलेलं धोतर नेसला, मीही त्यांच्याबरोबर गेले.

कचेरीच्या ओसरीवर दुपारपर्यंत बसलो. आमच्या आधी एका मालगुजाराचा, म्हणजे गावाच्या जमीनदाराचा, पुकारा झाला. गाव त्याचं उमरेडकडे, पण राहायचा नागपुरात, आणि त्याच्या पायाला चिखल लागलेला कोणी पाहिला नव्हता. बोर्डानं त्याचं कर्ज दाखल करून घेतलं. त्यात शहरातलं गहाण पडलेलं मोठं घरही आलं. तो हसत बाहेर पडला तसं आईनं बापाला कोपरानं ढोसलं. तिला वाटलं, आता आपलंही होणार.

साहेबानं बापाला पहिलंच विचारलं, शेती किती? बाप म्हणाला, नाही. तेव्हा साहेबानं मान वर न करता सांगितलं की हा कायदा शेतीवर पोट असलेल्यांसाठी आहे, विणकराचं घर यात बसत नाही. बाप हात जोडून मागे सरला. आई सरली नाही.

"साहेब, कापूस पेरते त्याले मदत," ती म्हणाली, "अन् त्याच कापसाचं लुगडं विणते त्याले काहून नाही? आमचं घर का घर नाही?"

"बाई, कायदा मी केला नाही," साहेब म्हणाला. चपराशानं पुढचं नाव पुकारलं.

सावकारानं दावा लावला. लिलावात बोली त्याच्याच माणसाची, दुसरा कोणी आलाच नाही. मग तो स्वतः घरी आला आणि मोठ्या मायेनं सांगू लागला, कुठे जाता, इथेच राहा, माग हलवू नका, भाडं तेवढं देत जा. बापानं मान डोलावली. मला त्या मान डोलावण्याचा सावकाराहून जास्त राग आला.

"तुमी राहा," आई बापाला म्हणाली. "मी माह्या घराचं भाडं देत नाही."

त्याच दिवशी ती मला घेऊन कामठीला मामाकडे निघून गेली. बाप काही महिने भाडं भरत एकटा राहिला. मग एका सकाळी बैलगाडीवर सुटा केलेला माग घालून मामाच्या दारात उभा राहिला. आईनं त्याला पाणी दिलं.

पुढे शिकलेली माणसं मला सांगत, तो कायदा चांगला होता, कितीतरी घरं वाचली. वाचली असतील. मी ऐकून घेते आणि माझे कान तापतात. आईनं विचारलेल्या प्रश्नाला त्यांच्यापैकी एकानंही आजवर उत्तर दिलेलं नाही.