कुसाबाईंच्या वडिलांचे नाव

१७ सप्टेंबर १९९८, गुरुवार. नळाला पाणी साडेसहाला आले. दुपारी सिलिंडर बदलला. फ्रेंचची चौथी कॅसेट पाहिली. कुसाबाईंच्या वडिलांचे नाव सापडले.

माझ्या इतक्या वर्षांच्या डायऱ्यांत जाणूनबुजून लिहिलेले खोटे वाक्य एकच आहे, ते हे शेवटचे. कुसाबाई जाऊन आता सहा वर्षे झाली, म्हणून सांगते.

मखमलाबादच्या मळ्यातून त्या गंगापूर रोडवर आमच्याकडे रोज फुलांची पुडी आणत. वय चौऱ्याऐंशी, पाठ वाकलेली, पण पुडीला दोरा गुंडाळताना हात थरथरत नसे. मी एकदा पुडी बंद करू का म्हटले, तर म्हणाल्या, "ताई, तुमचा देव उपाशी राहील, फुलाबिगर नाय राहायचा."

त्यांचे वडील सावळीराम पहिल्या महायुद्धात देवळालीच्या छावणीतून खेचरे घेऊन फ्रान्सला गेले. कुसाबाई तेव्हा पाळण्यात होत्या. पुढे ना माणूस आला, ना कागद. आईने मरेपर्यंत कुंकू लावले आणि जाताना लेकीला बजावले, की त्यांचे नाव मेलेल्यांत कोणी वाचून दाखवल्याशिवाय त्यांचे पान वाढायचे नाही. भाऊ नव्हता. मळा आणि हा शब्द, दोन्ही कुसाबाईंकडे आले. सर्वपित्रीला त्या सासूसासऱ्यांचे पान वाढत, आईचे वाढत. वडिलांचे कधी नाही.

आमचे हे गेल्यावर दुपारी घर खायला उठे. शाळेत नन्सनी शिकवलेले फ्रेंच पुन्हा उजळावे म्हणून मी दर गुरुवारी एका क्लासमधून कॅसेट आणू लागले. एकेका कॅसेटवर पाच-पाच मिनिटांच्या फिल्मा होत्या, गेल्या शतकातल्या युद्धांच्या आणि त्यांच्या आठवणींच्या. एकीत गावातल्या स्मारकापाशी माणसे जमली होती. एक म्हातारा मेलेल्यांची नावे वाचत होता आणि प्रत्येक नावानंतर शाळेतली मुले एका सुरात म्हणत होती, "मॉर पूर ला फ्रान्स." कुसाबाई दारात पुडी घेऊन उभ्या होत्या. मुले काय म्हणतात, त्यांनी विचारले. फ्रान्ससाठी मेला, असे म्हणतात, मी सांगितले.

त्या खाली बसल्या. म्हणाल्या, "मग आमच्या दादाचं पण वाचतील की." वडिलांना त्या दादा म्हणत.

त्या स्मारकावरची नावे त्या गावचीच होती. हे मला तेव्हाच माहीत होते आणि तेव्हाच सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. दर गुरुवारी दुपारी कोणी तरी शेजारी बसू लागले होते, एवढेच त्याचे कारण.

नावे चालू झाली की त्या पदर सावरत. स्मारकाशी ठेवलेली फुले ओळखून म्हणाल्या, आपली शेवंतीच की. ते चार शब्द त्यांनी माझ्याआधी पाठ केले आणि त्यांचा उच्चार माझ्याहून साफ होता. दर वेळी शेवटचे नाव झाले की माझ्याकडे बघत. मी म्हणे, आज नाही, पुढच्या गुरुवारी.

चौथ्या कॅसेटमध्ये आपल्याकडच्या सैनिकांच्या नावांची गोल भिंत आली. मी चित्र थांबवले. ते थरथरत होते, मधून पांढरी रेघ जात होती. इंग्रजी अक्षरांतल्या चार रांगा दिसत होत्या. मी दोनदा वाचल्या. सावळीराम नव्हता. कॅमेरा पुढे कुठेच थांबत नव्हता.

"हाय का?" कुसाबाईंनी विचारले. सर्वपित्री तीन दिवसांवर होती.

मी चष्मा पुसला आणि एका रांगेवर बोट ठेवले. "हे बघा. सावळीराम."

त्या उठल्या. डोक्यावर पदर घेतला, काचेवर माझ्या बोटाशेजारी आपले बोट टेकवले आणि म्हणाल्या, "मॉर पूर ला फ्रान्स." ज्याच्या नावावर त्यांचे बोट होते तो कोण, कुठल्या गावचा, मला माहीत नाही. त्याचे नाव मात्र अजून आठवते.

रविवारी संध्याकाळी त्या डबा घेऊन आल्या. ऐंशी वर्षांनी वडिलांचे पान वाढले होते. मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितले, की आईच्या घासाला कावळा लगेच शिवला, वडिलांच्या घासाला उन्हे कलली तरी शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

"रुसला असंल," त्या म्हणाल्या. "लय उशीर केला म्या. आईचं ऐकत बसले."

मी तोंड उघडले होते. त्यांनी चपला घातल्या, फाटकाला हात लावला, आणि मी डबा घेऊन आत गेले. पुढे चार वर्षे त्या रोज फुले घेऊन आल्या. कॅसेट मी पुन्हा लावली नाही.

त्या रविवारच्या पानावर एवढेच आहे: कुसाबाईंकडून खीर आणि वडे आले. डबा घासून ओट्यावर पालथा घातला.