भिंतीवरचा शजरा

मुस्लिम समाजांच्या अभ्यासात चाळीस वर्षं घालवल्यावर माणसाकडे ज्ञान किती साठतं, हे मला खात्रीनं सांगता येणार नाही. धक्के मात्र भरपूर साठतात. नाशिक रोडला माझ्या घरी दर रविवारी आम्ही तिघं बसतो: मी, मालेगावचे निवृत्त उर्दू शिक्षक अन्सारी सर आणि पूर्वी ग्रंथपाल असलेल्या सुमित्राबाई. सध्या विषय एकच, माझं पुस्तक. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पहिलंच. ते आता छापायला जायचंय आणि मी रोज एखादं पान पुन्हा तपासतोय.

*

सटाण्याकडच्या एका वृद्ध तांबोळ्यांना भेटायला अन्सारी सरांबरोबर गेलो. आठवडाभर घोकलेल्या अदबशीर उर्दूत त्यांच्या पूर्वजांविषयी विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, तुम्हनं गाव कोनतं शे?"

अन्सारी सर माझ्या कानाशी म्हणाले, "प्रोफेसर साहेब, घरात अहिराणीच बोलतात ते."

पुस्तकातलं भाषेचं प्रकरण मी घरी येऊन फाडलं.

*

मलेशियाहून एक संशोधक बाई आल्या. मी तासभर अरबी व्यापारी, मोसमी वारे, मसाल्याची जहाजं यांवर बोललो. शेवटी त्यांनी नम्रपणे विचारलं, "विंचूर इथून किती लांब?"

त्यांच्या आईनं निघताना बजावलं होतं, ज्या बाजारातला कांदा आपण खातो तो बाजार पाहिल्याशिवाय परत येऊ नकोस.

*

सुमित्राबाईंनी पुस्तकाची सूची तपासली. "सर, यात बगदाद आहे, समरकंद आहे. मालेगाव नाही."

अन्सारी सर म्हणाले, "मग मी दर रविवारी येतो कुठून?"

*

एवढं होऊनही पुस्तक उभं होतं, ते एका शजऱ्यावर. शजरा म्हणजे सूफी गुरू-शिष्यांची नामावळी. येवल्याकडच्या एका लहान दर्ग्याच्या भिंतीवर ती रंगवलेली आहे. तिथल्या पिराची परंपरा थेट बुखाऱ्यापर्यंत जाते, हा माझा तरुणपणचा तर्क. आणि भिंतीवर तीच नावं, त्याच क्रमानं. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला याहून मोठा पुरावा काय मिळणार? तो गेला तर पुस्तकच गेलं.

मुखपृष्ठासाठी फोटो काढायला गेल्या आठवड्यात तिघं तिथं गेलो. मुजावर रफीकभाईंनी चहा दिला. मी सहज विचारलं, "ही यादी मुळात आली कुठून?"

त्यांनी कपाटातून प्लास्टिकची फाइल काढली. आत माझाच जुना लेख. त्यांच्या वडिलांना मीच पोस्टानं पाठवलेला.

"आपनेच भेजा था ना, साहब. अब्बा बोले, इतना पढ़ा-लिखा आदमी है, सहीच लिखा होगा. पेंटर बुलाके बनवा लिया."

लेखात प्रत्येक नावाआधी मी 'बहुधा' लिहिलं होतं. भिंतीवर ते एकदाही नव्हतं.

सुमित्राबाईंनी कप खाली ठेवला. अन्सारी सर चष्मा पुसत राहिले.

रफीकभाई म्हणाले, "अच्छा हुआ आप आ गए. बारिश में बीच का एक नाम मिट गया है. आप बता दो कौन सा था. पेंटर बाहर खड़ा है."